सस्टेनेबिलिटीची पॉलिसी लिहायला सांगितलीय, तीन लाखांचा कोर्स करू द्यावा का?

परळहून एका वडिलांचं पत्र आलंय. ते बेस्टच्या वीजपुरवठा विभागातून निवृत्त झालेत. मुलगी २५ वर्षांची, बी.कॉम., अंधेरी एमआयडीसीत छापील खोके बनवणाऱ्या कंपनीत ॲडमिनला आहे. एका मोठ्या ग्राहक कंपनीकडून पर्यावरणाबद्दलची लांबलचक प्रश्नावली आली. मालकांनी ती हिच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, दोन महिन्यांत आपली सस्टेनेबिलिटी पॉलिसी, म्हणजे पर्यावरण जपण्याचं लेखी धोरण, तयार कर. मुलगी त्यात इतकी रमली की आता नोकरी सोडून तीन लाखांचा ऑनलाइन डिप्लोमा करायचा म्हणते. दहा हजार भरून जागाही अडवून ठेवलीय. वडील विचारतात: ही खरी लाइन आहे की चार दिवसांची हवा? कॉमर्सवालीचं तिथे काय काम? की सरळ बँकेच्या परीक्षांना बसवू?

सप्रेम नमस्कार,

थोडी हवा आहे, हे आधीच कबूल करतो. लिंक्डइनवर ज्याच्या त्याच्या नावापुढे हल्ली ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार) दिसतं. पण तुमच्या मुलीच्या टेबलावर आलेला कागद हवेतून आलेला नाही. सेबीने २०२१मध्ये बीआरएसआर नावाचा अहवाल आणला आणि २०२२-२३पासून बाजारमूल्यानुसार शेअर बाजारातल्या पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना तो सक्तीचा केला. वीज किती, पाणी किती, कचरा कुठे गेला, कामगारांना काय मिळतं, हे सगळं त्यात आकड्यांत द्यावं लागतं. आता या कंपन्यांचा खोका, शाई, वाहतूक बाहेरूनच येते. म्हणून त्या पुरवठादारांकडे प्रश्नावल्या धाडतात. पुरवठादारांची माहिती जाहीर करणं सेबीने पुढे ढकललं आणि ऐच्छिक ठेवलं, हेही खरं. म्हणजे या क्षेत्राचा जोर सरकारी नियमांवर कमी-जास्त होत राहणार. पण ज्याला परदेशात माल विकायचाय किंवा मोठा ग्राहक टिकवायचाय, त्याची या कागदातून सुटका नाही.

कॉमर्सचं म्हणाल तर हे काम निम्मं हिशेबाचंच आहे. ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल ही कंपनीमुळे हवेत जाणारे तापमानवाढीचे वायू मोजायची, जगभर वापरली जाणारी पद्धत. तिच्यात तीन खाती असतात, त्यांना स्कोप म्हणतात. जनरेटरचं डिझेल, कंपनीच्या टेम्पोचं इंधन, एसीतून गळालेला गॅस हा पहिला स्कोप. विकत घेतलेली वीज दुसरा. उरलेलं सगळं, म्हणजे कागद, शाई, भाड्याचे ट्रक, माणसांचं येणं-जाणं, हा तिसरा. स्टाफ लोकलने येत असेल तर येण्या-जाण्याचा आकडा किरकोळच निघेल. खोक्यांच्या कंपनीत खरा बोजा कागदाचा असणार. विजेचं गणित तर सोपं आहे. केंद्रीय वीज प्राधिकरण ग्रिडचा उत्सर्जन गुणांक जाहीर करतं, तो युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड इतका असतो. महिन्याला २०,००० युनिट पडत असतील तर झाले १४ टन. याला बी.एस्सी. लागत नाही. बारा महिन्यांची बिलं फायलीतून शोधून काढायची चिकाटी लागते, आणि अकाउंट्समधल्या माणसाकडून ती गोडीगुलाबीने मिळवायची हातोटी.

आणि इथे तुम्ही घरातच आहात! कॉन्ट्रॅक्ट डिमांड (करारात ठरलेली विजेची कमाल मागणी) किती घेतलीय आणि प्रत्यक्ष कमाल मागणी किती लागली, पॉवर फॅक्टर (घेतलेली वीज किती कामी येते त्याचं प्रमाण) घसरल्याने बिल फुगतंय का, रात्री मशिनं बंद असताना मीटर किती पळतो, हे वाचायला तुमच्याइतकं चांगलं कुठला डिप्लोमा शिकवणार? अंधेरीला बेस्टचं बिल येत नाही, रकाने थोडे वेगळे असतील. वीज मात्र तीच.

पॉलिसीबद्दल तिला एकच सांगा: इंटरनेटवरून उतरवू नकोस. पाच जूनला झाडं लावू या वाक्याने सुरू होणाऱ्या पॉलिसीला माझ्या लेखी रद्दीचाही भाव नाही. '२०५०पर्यंत नेट झिरो', म्हणजे जितकं उत्सर्जन तितकंच शोषून बेरीज शून्य, हेही नको. मुंबई महापालिकेने मार्च २०२२च्या हवामान आराखड्यात शहरासाठी ते उद्दिष्ट घेतलंय, देशाचं २०७०चं आहे. त्यांच्यामागे यंत्रणा आहे. खोक्यांच्या कंपनीचं उद्दिष्ट येत्या मार्चअखेरचं असावं. दोन पानं पुरेत. कुठल्या वर्षाच्या आकड्यांशी तुलना करणार, कमी काय करणार, ते कोण करणार, त्याला पैसे कुठून येणार, पुढचा आढावा कधी, आणि खाली मालकांची सही. 'कोण करणार'पुढे 'सर्व कर्मचारी' असं लिहिलं की कोणीच करत नाही. तिथे परचेसचा, मेंटेनन्सचा, असा एकेक माणूस हवा.

अंमलबजावणी कुठे अडते, ते एका उदाहरणाने सांगतो. मुंबईतल्या कितीतरी ऑफिसांच्या पँट्रीत ओला आणि सुका असे दोन डबे असतात, वर छान स्टिकरही असतं. संध्याकाळी सफाईच्या मावशी येतात आणि दोन्ही डबे एकाच काळ्या पिशवीत उलटे करतात. मावशींना बोल लावण्यात अर्थ नाही. कंत्राटदार पिशवी एकच देतो, आणि खाली बिल्डिंगच्या कचराखोलीत ड्रमही एकच असतो. मग ते सगळं एकत्रच कांजूरमार्गच्या कचराभूमीच्या वाटेला लागतं. इथे पोस्टर लावून काही होत नाही. सफाईच्या कंत्राटात दोन रंगांच्या पिशव्या, एक वजनकाटा आणि रोजची नोंदवही लिहून घ्यावी लागते, आणि बिल्डिंगच्या सेक्रेटरींशी बोलून दुसरा ड्रम ठेवून घ्यावा लागतो. तुमच्या मुलीला एखाद्या संध्याकाळी थांबून मावशींसोबत कचराखोलीपर्यंत जाऊ दे. मावशींनाच विचारू दे, काय केलं तर जमेल. पॉलिसीतलं सगळ्यात खरं वाक्य तिला तिथे मिळेल.

एसीचंही तसंच. १ जानेवारी २०२०पासून स्टार लेबलच्या खोलीच्या एसींना कारखान्यातूनच २४ अंशांचं सेटिंग सक्तीचं झालं, आणि ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते. पण मालकांच्या केबिनमध्ये १८ असेल तर बाहेर कोण २४ ठेवणार? हे मालकांना सांगायची जबाबदारीही पॉलिसी लिहिणाऱ्यावरच येते. तिला ते जमेल का, हा विचार डिप्लोमाच्या आधी करा. जुने कॉम्प्युटर भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत रिसायकलरकडे द्यायचे आणि त्याचा कागद फायलीत ठेवायचा, हे त्यामानाने सोपं.

प्रश्नावलीत जिथे उत्तर 'नाही' आहे तिथे 'नाही' लिहावं, पुढे 'अमुक महिन्यापासून करणार' असं जोडावं. खोटं 'हो' लिहिलं आणि ग्राहकाचा ऑडिटर दारात आला, तर नाव मुलीचं खराब होईल.

आता मुख्य मुद्दा. तिने नोकरी सोडू नये. जे शिकायला लोक लाखो रुपये भरतात, ते तिच्या टेबलावर पगारासकट आलंय. बीआरएसआरचा नमुना सेबीच्या वेबसाइटवर आहे, ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉलची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, आणि मोठ्या कंपन्यांचे भरलेले अहवाल त्यांच्या वार्षिक अहवालात कोणालाही वाचता येतात. आपल्याच ग्राहक कंपनीचा तिने आधी वाचावा. वर्षभर हे काम केल्यावर गोडी टिकली, तर आयएसओ १४००१ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या मानकाचा पाच दिवसांचा लीड ऑडिटर कोर्स करून परीक्षा द्यावी. त्यापुढे पूर्णवेळ शिकायचंच असेल, तर देवनारला टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) हवामानबदल आणि शाश्वततेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, पवईच्या आयआयएम मुंबईत सस्टेनेबिलिटी मॅनेजमेंटचा एमबीए आहे. दोन्हीकडे प्रवेशपरीक्षेतून जावं लागतं, आणि केलेलं काम दाखवता आलं तर मुलाखतीत बोलायला काहीतरी असतं. ऊर्जा ऑडिटरच्या सरकारी परीक्षेच्या मागे मात्र लागू नका, ती इंजिनिअरिंगकडच्यांची वाट आहे.

बँकेच्या परीक्षा द्यायच्या की नाही, ते तिला ठरवू द्या. तुमची काळजी समजते. छोट्या कंपनीत हे काम ॲडमिनच्या गळ्यात बांधतात. ना हुद्दा बदलतो, ना पगार. म्हणून पॉलिसीवर मालकांची सही होईल त्याच दिवशी तिने हे काम आपल्या जबाबदाऱ्यांमध्ये लेखी घालून मागावं. मालक टाळाटाळ करू लागले, तर पॉलिसी आणि वर्षभराचे आकडे हातात घेऊन तिने दुसरीकडे अर्ज करावेत. गोपनीय तेवढं वगळून.

भरलेल्या दहा हजारांचं राहिलं. पुढचा हप्ता भरण्याआधी तिने संस्थेला तीन गोष्टी ईमेलवर विचाराव्यात: शिकवणाऱ्यांपैकी कोणी प्रत्यक्ष बीआरएसआर भरलाय, 'शंभर टक्के प्लेसमेंट सहाय्य' यात नेमकं काय देता, आणि बुकिंगचे पैसे परत मिळतात का. फोनवर दिलेली उत्तरं धरू नका. आठवड्यात लेखी उत्तर आलं नाही, तर दहा हजारांवर पाणी सोडा आणि उरलेले दोन लाख नव्वद हजार वाचवा.