चांदीच्या नाण्यावरचा दुसरा ठसा

प्रश्न : आजोबांच्या पेटीत चांदीचे एक मोठे परदेशी नाणे मिळाले. त्यावर ढाल घेतलेली उभी स्त्री, पेरू देशाचे नाव आणि १८३३ हे वर्ष आहे. शिवाय मुकुट व त्याखाली ‘वाय’ आणि रोमन दोन असा छोटा गोल ठसा खोलवर मारलेला आहे. येथील एका सराफाने नाणे खराब ठरवून मोडीचा भाव सांगितला. हा ठसा कशाचा? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : हा ठसा अस्सल असेल, तर तो फिलिपिन्स बेटांवरील स्पॅनिश सरकारचा आहे. ‘वाय’ म्हणजे राणी इसाबेल दुसरी. जुन्या स्पॅनिशमध्ये तिचे नाव त्या अक्षराने लिहीत. मनिलाच्या बाजारात चांदी येई ती मुख्यतः मेक्सिको, पेरू, बोलिव्हियाकडून, आणि हे देश तर स्पेनचे जू झुगारून स्वतंत्र झालेले. आपल्याच नाण्यावरील त्या स्त्रीच्या ढालीवर ‘स्वातंत्र्य’ असा शब्द कोरलेला आहे. चांदी हवी, पण तो शब्द नको, अशा पेचात सापडलेल्या सरकारने १८२८ मध्ये ‘मनिला’ हे नाव असलेले मोठे ठसे मारून मूळ मजकूरच झाकण्याचा प्रयत्न केला. १८३२ पासून राजा सातवा फर्डिनांड याचा लहान ठसा आला आणि त्याच्या मृत्यूनंतर, १८३४ ते १८३७ या काळात, राणीचा. स्पेनने त्या देशांचे स्वातंत्र्य मान्य करायला सुरुवात केल्यावर ठशाची गरज उरली नाही. लहान ठशाखाली मूळ अक्षरे शाबूत राहिली, ही मला या नाण्यांची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

आपल्याकडेही सराफ रुपयांवर खुणा उमटवीत, पण ती चांदीची खासगी पारख होती. मनिलाचा ठसा ही राजाज्ञा होती.

बनावट ठसे मात्र पुष्कळ आहेत. ठशाच्या घावाने नाण्याची मागची बाजू नेमक्या त्याच जागी थोडी चेपलेली असावी, वजन २७ ग्रॅमच्या आसपास भरावे, आणि मूळ नाणे १८३७ नंतरचे नसावे. आपले वर्ष या शेवटच्या कसोटीला उतरते. नाणे मोडीत घालू नका, आणि चिंच किंवा रांगोळीने घासूही नका, कारण ठशाच्या खाचेतील जुना काळसरपणा हाच जाणकाराला पाहायचा असतो.