आधी पाखाडी, मग घर

मागच्या अंकात ‘लायसारा: समिट किंगडम’वर लिहिलं आणि बरीच पत्रं आली, त्यातली बहुतेक कोकणातली, आणि मला त्याचं काही नवल वाटलं नाही, उतारावर घर बांधणं म्हणजे काय ते आपल्याला कोणी शिकवायला नको. अंक हुकला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा शहर उभारायचा गेम आहे पण मैदानावरचा नाही, अख्खी वस्ती डोंगरावर. पोलंडच्या एका छोट्या टीमनं केलाय, एप्रिल २०२४ पासून अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे पुरा व्हायच्या आधीच, खेळायला मिळाला. खालच्या जमिनीतले लोक, कारागीर आणि भिक्षू असे समाजाचे तीन थर, प्रत्येकाच्या मागण्या वेगळ्या, माल वाहायला हमाल आणि याक, आणि शेवटी शिखरावर मंदिर बांधायचं. लढाईबिढाई काही नाही. जागेची टंचाई आणि वरून सुटणारी बर्फाची दरड, हेच काय ते शत्रू.

आता पत्रं.

माजी वाडी दरखेपेक बरफाखाली जाता. गोदाम गेला, रस्तो गेलो, भिक्षू उपाशी. झाडां लावलंय तरी काय उपेग नाय. डोंगरार घर बांदूचा तरी खंय?
— एक वाचक, कुडाळ

भाऊ, झाडं लावलीत ते बेस केलंत पण कुठे लावलीत ते लिहिलं नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. बहुतेक जण घरांच्या मागे दोन रांगा लावतात आणि निर्धास्त होतात. खऱ्या डोंगरात दरड साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटते, त्याहून कमी उतारावर बर्फ बसून राहतो, त्याहून उभ्या कड्यावर तो साचतच नाही, थोडा थोडा गळून जातो. जंगलाचा खरा उपयोग जिथून बर्फ सुटतो तिथे असतो, खोडांमध्ये बर्फाचा थर एकसंध होत नाही म्हणून तो घसरत नाही. एकदा का दरड वेगात आली की मोठे वृक्षसुद्धा काडीसारखे मोडतात. स्वित्झर्लंडमध्ये आंदरमाट नावाचं गाव आहे, त्यांनी गावावरच्या रानात कुऱ्हाड चालवायला १३९७ मध्ये लेखी बंदी घातली होती, कारण ते रान गेलं तर गाव गेलं हे त्यांना कळलेलं. आपल्याकडे देवराईला हात लावत नाहीत, आपलं कारण देवाचं, त्यांचं कारण दरडीचं, पण कुऱ्हाड दोन्हीकडे लांबच.

तर गेममध्ये काय करायचं, पहिली दरड येऊ द्या, कुठून सुटली आणि कुठल्या घळीतून उतरली ते बघा, आणि ती घळ मोकळी सोडा. जागा वाया गेली असं वाटेल, वाटू दे. वरच्या अंगाला जंगल वाढवा, आणि अगदी नाइलाजानं एखादी इमारत वाटेत आलीच तर तिच्यापुरता बांध घाला. सगळ्या वस्तीला बांध घालत बसलात तर दगड संपेल आणि मंदिर राहील बाजूला.

एक मात्र सांगून ठेवतो, गेममधली अक्कल इकडच्या दरडीला जशीच्या तशी लावू नका. बर्फाची दरड वरच्यावर घसरते. आपली दरड पाण्यानं आतून भिजून सुटते, खडकावर बसलेल्या मातीत पाणी भरतं, मातीची पकड जाते आणि सगळा थर खाली. झाडाची मुळं वरच्या काही फुटांना धरतात, खालचा थर सरकला तर झाडांसकट डोंगर येतो. २२ जुलै २०२१ ला महाडजवळ तळीयेत आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीत काय झालं ते आपण विसरलेलो नाही. त्यामुळे घरामागच्या उतारावर नवीन भेगा दिसल्या, खांब किंवा झाडं कलायला लागली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा भलतीकडूनच फुटलं, तर मुसळधार पावसात तिथे थांबायचं नाही, माणसं हलवायची आणि तहसीलला कळवायचं. पायथा खणून रस्ता काढलेला असेल तर दुप्पट लक्ष ठेवा.

मी सिटीज: स्कायलाइन्समध्ये आंबा घाटाचा मॅप आणलाय, उंचीचा डेटा खरा वापरलाय, तरी घाटरस्ता बसतच नाही, सारखा ‘उतार फार तीव्र’ असा मेसेज येतो. खऱ्या घाटातून एसटी जाते मग गेममध्ये का नाही?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, देवरूख

मस्त प्रश्न, म्हणून जरा सविस्तर लिहितो. (स्कायलाइन्स हाही शहर उभारायचाच गेम, त्यात मॅप स्वतः करून आणता येतो.)

पहिल्या स्कायलाइन्सचा मॅप म्हणजे १७.२८ किलोमीटर बाजूचा चौकोन, आणि उंचीचं चित्र १०८१ बाय १०८१ ठिपक्यांचं, म्हणजे दर १६ मीटरला उंचीचा एक आकडा. आता तुमचा ‘खरा’ डेटा बहुधा फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानानं रडारनं घेतलेल्या मोजणीचा असणार, फुकटात सहसा तोच मिळतो, आणि त्यात साधारण दर ३० मीटरला एक आकडा. घाटरस्ता असतो किती रुंद? आठ-दहा मीटर. म्हणजे डोंगर कापून केलेली ती रस्त्याची पायरी डेटात नाहीच, तिथे फक्त गुळगुळीत उतार आहे. तुम्ही जुना घाट शोधताय, पण गेमनं तुम्हाला रस्ता होण्याआधीचा सह्याद्री दिलाय. घाट तुम्हालाच कापायचाय.

आता हिशेब बघा. मॅपच्या एका टाइलची, म्हणजे एका चौकोनी तुकड्याची, बाजू १.९२ किलोमीटर. समजा तेवढ्यात ३०० मीटर चढायचंय. सरळ गेलात तर दर १०० मीटरला जवळपास १६ मीटर चढ, तिथे एसटी काय, बैलगाडीपण जाणार नाही. तो चढ शेकडा ५ वर आणायचा तर त्याच ३०० मीटरसाठी ६ किलोमीटर रस्ता हवा, म्हणजे १.९२ किलोमीटरच्या जागेत ६ किलोमीटर कोंबायचे, म्हणून वळणं. घाटातली नागमोडी वळणं कोणाला हौस म्हणून आलेली नाहीत.

रेल्वेवाल्यांना तर एवढीही सूट नाही. भोर घाटातून १८६३ मध्ये गाडी गेली तेव्हा चढ ठेवला ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर जाताना १ मीटर वर, आजही कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात ती त्यासाठीच. कोकण रेल्वेनं मात्र १५० ला १ चा हट्ट धरला, आणि डोंगर तर वाटेत आडवे पडलेले, मग वर चढण्याऐवजी आरपार जायचं. ७४१ किलोमीटरमध्ये ९२ बोगदे, रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, आणि पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. चढ कमी हवा तर बोगद्याचे पैसे मोजा, पैसे वाचवायचे तर वळणं घ्या, गेममध्येसुद्धा हाच व्यवहार आहे.

करायचं कसं, तर जमीन बदलायचं टूल उघडलं की सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, म्हणजे समोच्च रेषा, दिसतात. त्या रेषांना जवळजवळ समांतर, किंचित तिरकं जात रस्ता ओढा, छोट्या छोट्या तुकड्यांत. वळणाच्या जागी आधी थोडी जमीन सपाट करून घ्या, नाहीतर वळणावरच मेसेज येणार. ओढा लागला की तिथे मोरी नाही, पूलच टाका. आणि घाट पूर्ण झाल्याशिवाय वर एकही घर बांधू नका, लोक राहायला आले की अँब्युलन्स, कचरागाडी, सगळं त्याच अर्धवट रस्त्यावरून मागतात. आपल्याकडे वाडीत आधी पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, पडते मग घरं होतात, तसंच.

माझा मुलगा दहावीत आहे. दिवसभर डोंगर, रस्ते, पाइप. यातून काही शिकतो म्हणतो. खरं का?
— एक आई, चिपळूण

ताई, भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषा दाखवून त्याला विचारा, इथे रस्ता कुठून नेशील. पटकन सांगितलं तर शिकतोय. नाही सांगता आलं तर नुसता खेळतोय, आणि नुसतं खेळण्यातही काही पाप नाही पण दहावीच्या वर्षी वेळ बांधून द्या. ‘एवढं सेव्ह करतो आणि उठतो’ यावर विश्वास ठेवू नका, या गेममध्ये ‘एवढं’ कधी संपत नाही.

कोयनेसारखं गेममध्ये जमेल का? म्हणजे धरण एका खोऱ्यात, वीज दुसऱ्या खोऱ्यात.
— निवृत्त वीज कर्मचारी, अलोरे

काका, तुमच्यासमोर कोयनेबद्दल मी काय बोलणार, पण बाकीच्यांसाठी सांगतो. कोयनेचं पाणी खरं म्हणजे कृष्णेतून पूर्वेला बंगालच्या उपसागरात जायचं. ते अडवून सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यानं पश्चिमेला आणलं, इतकी उंच उडी पूर्वेकडे मिळालीच नसती. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट, आणि वीज करून झालेलं पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्रात.

स्कायलाइन्समध्ये धरण आहे आणि पाणी खरोखर वाहतं, भिंत घातली की मागे तुंबतं, वरच्या अंगाला घरं असली तर ती बुडतात. पण जलविद्युत बोगदा नाही. खेळणाऱ्यांनी त्यावर एक अचाट तोडगा काढलाय: शहराचं सगळं सांडपाणी पाइपानं उंचावरच्या दरीत सोडायचं, तिथे धरण बांधायचं आणि त्याच्यावर वीज करायची. चालतं! शहर जेवढं मोठं तेवढी वीज जास्त. वास कसा येत असेल ते विचारू नका. फक्त पिण्याच्या पाण्याचा पंप त्याच्या खालच्या अंगाला ठेवू नका, अख्खं शहर आजारी पडतं, आणि नवीन खेळणारे हमखास तिथेच अडकतात.

आमच्याकडे पावसात पूर आणि एप्रिल-मेमध्ये टँकर. हे कुठल्या गेममध्ये आहे का?
— एक शिक्षिका, राजापूर तालुका

आहे की, टिंबरबॉर्न. माणसं नाहीत, बीव्हर आहेत, म्हणजे लाकडं कुरतडून नदीवर बांध घालणारा तो प्राणी. पाणी वाहतं तेव्हा मुबलक, मग दुष्काळ लागतो आणि नदीच आटते, तोवर जेवढं अडवलं तेवढ्यावर सगळी वस्ती जगवायची. पुढे पुढे दुष्काळ लांबत जातात. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे पाण्याची वाफ होते ती पृष्ठभागावरून, त्यामुळे मोठं पसरट उथळ तळं केलं तर ते लवकर संपतं, अरुंद आणि खोल केलं तर टिकतं. आणि पाण्याच्या आजूबाजूचीच जमीन हिरवी राहते, बाकी सगळं करपतं.

आपल्याकडे तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही विहिरी आटतात त्याचं कारण वेगळं आहे, आपल्याकडे पाणी मुख्यतः वाफ होऊन नाही, वाहून जातं. सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरचा, कातळ पाणी झटकून टाकतो, जांभ्याच्या भेगांतून जे आत जातं ते पायथ्याच्या झऱ्यांतून काही महिन्यांत बाहेर येतं, आणि पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी तास-दोन तासांत खाडीला. मुलांना दाखवायचं असेल तर टिंबरबॉर्नमध्ये एकच मोठं धरण न बांधता ओढ्यावर एकामागून एक बुटके बांध घालून बघायला सांगा, मग दिवाळीनंतर गावच्या पऱ्यावर वनराई बंधारा घालायला न्या. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती, आणि वर्गातली दांडगी पोरं. एवढं पुरतं.

लॅपटॉप जुना आहे, ग्राफिक कार्ड नाही. मोबाइलवर काही?
— गुहागर

ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या स्कायलाइन्सचं नावही काढू नका. ‘आयलँडर्स’ घ्या, २०१९ चा छोटासा गेम, बेटांवर घरं मांडायची, कडेकपारी आहेत, जुन्या मशिनवरही सहसा चालतो आणि एक डाव चहा गार व्हायच्या आत उरकतो. मोबाइलवर ‘पॉकेट सिटी’, तासन्‌तास थांबायला लावून पैसे मागत नाही. डोंगराची मजा मात्र त्यात नाही.

लायसारामध्ये नेहमी अन्न कमी पडतं. घरं आणि शेती यांची मांडणी कशी करू?
— वेंगुर्ला

घरं सपाटीवर बांधताय ना? बहुतेक सगळे तेच करतात कारण सपाट जागा दिसली की हात शिवशिवतो. पण या गेममध्ये उंचीप्रमाणे जमीन बदलते, पिकाऊ पट्टा खालीच, आणि तो फार थोडा. तो भरला की मग वर खडकावर काय पिकवणार. तुमच्या आजोळच्या गावाची मांडणी आठवा: तळाला मळ्यात भात, पायथ्याच्या चढावर चिऱ्यांच्या जोत्यावर घरं आणि परसातली माडा-पोफळीची बाग, त्यावर वरकस, म्हणजे हलकी जमीन, आणि एकदम वर सडा, गवतासाठी. भाताच्या खाचरात कोणी घर बांधलं तर गाव नावं ठेवायचा.

तेच इथे करा. खालचा पट्टा पूर्ण शेतीला, घरं त्याच्या वरच्या खडकाळ कडेवर एकाला एक लागून, गोदाम दोघांच्या मध्ये, म्हणजे हमालांची चाल वाचते. दोन पट्ट्यांमध्ये कडा असेल तर लांबचा वळसा घेत बसू नका, उचलपाळणा (लिफ्ट) बांधा, महाग वाटतो पण याकांचा चारा वाचतो. आणि आत्ता जी घरं शेतजमिनीवर आहेत ती एकदम पाडू नका, लोक जातील कुठे, आधी वर नवीन बांधा, मग खालची एकेक करून मोकळी करा, पहिली मोकळी करा ती पाण्याच्या जवळची.