वाचकांचे प्रश्न : शहराचा मध्यभाग बदलतोय, पण कुणाला विचारून?

गेल्या अंकात विचारलं होतं की शहराच्या मध्यभागात जी पाडापाडी आणि बांधाबांधी चालते, रस्ते, चौक, जुन्या इमारती, नवे टॉवर, त्याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे, आणि त्यात तुम्हाला तुमचं शहर अजून ओळखू येतं का. पत्रं भरपूर आली, काही चांगलीच रागावलेली होती. सगळी छापणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलेले थोडे छाटलेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, जुनी इमारत पाडली की सगळे म्हणतात शहराची ओळख गेली. मग इमारत वाचवली की ओळख वाचली असं समजायचं का? (आर्किटेक्चरची विद्यार्थिनी)

अर्धी वाचली असं म्हणेन मी. पण त्या अर्ध्याचं मोल कमी नाहीये. न्यूयॉर्कचं पेन स्टेशन १९१० मध्ये सुरू झालं, भव्य दगडी खांब, काचेची उंच छतं, आणि १९६३ मध्ये ते पाडायला घेतलं. विरोध झाला, निदर्शनं झाली, पण तेव्हा शहराच्या हातात ते थांबवायला कायदाच नव्हता. लोक इतके हळहळले की १९६५ मध्ये शहराने वारसा इमारतींचा कायदा केला, आणि त्याच कायद्याच्या जोरावर पुढे ग्रँड सेंट्रल स्टेशन वाचलं, १९७८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पण शहराच्या बाजूने निकाल दिला. एका स्टेशनसाठी लोकांचं म्हणणं उशिरा ऐकलं गेलं, दुसऱ्यासाठी वेळेत.

आता उरलेलं अर्धं. लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये फळं, भाज्या, फुलं यांचा जुना घाऊक बाजार होता. तो तिथून हलवायचं ठरलं आणि त्याच्यासोबत आजूबाजूचा बराच भाग पाडून रुंद रस्ते, ऑफिसं, हॉटेलं असा मोठा प्लॅन आला. तिथल्या रहिवाशांनी १९७१ मध्ये संघटना काढली, नेटाने भांडले, आणि १९७३ मध्ये सरकारने अडीचशेच्या आसपास इमारतींना संरक्षण दिलं, प्लॅन बारगळला. ही फार मोठी गोष्ट होती. पॅरिसमध्ये बघा, ले आल या जुन्या बाजाराचे लोखंड-काचेचे मंडप १९७१ पासून पाडले, मग कित्येक वर्षं शहराच्या मधोमध नुसता खड्डा, १९७९ ला तिथे जमिनीखालचं शॉपिंग सेंटर उघडलं, तेही लोकांच्या पसंतीला फारसं उतरलं नाही आणि शेवटी पुन्हा सगळं बदलून २०१६ ला नवं छत उभं राहिलं. लंडनवाल्यांनी हे सगळं टाळलं.

पण कोव्हेंट गार्डनचा बाजार १९७४ मध्ये लंडनमधल्याच नाइन एल्म्स भागात गेला तो गेलाच, आणि १९८० मध्ये ती जुनी इमारत दुकानं आणि रेस्टॉरंटसाठी उघडली तेव्हापासून तो भाग जास्त करून फिरायला येणाऱ्यांचा झालाय. भाडी चढली की रोजच्या उपयोगाची दुकानं टिकत नाहीत, तिथे काय किंवा दुसरीकडे काय. म्हणून माझं म्हणणं असं, की इमारत वाचवा म्हणून सह्या गोळा करताना त्याच कागदावर हेही विचारा की आत काय असणार, भाडं किती असणार, आणि वरच्या मजल्यावर कुणी राहणार आहे का. तू आर्किटेक्चर शिकतेयस तर मोजमापं घेतानाच तिथल्या भाडेकरूंची पण यादी कर, ती यादी पुढे नकाशाइतकीच कामाला येते.

प्रश्न : मेन रोडवर गाड्या बंद करून फक्त चालणाऱ्यांसाठी रस्ता करणार आहेत. आम्हा दुकानदारांना कुणी विचारलेलं नाही. पार्किंग गेलं की गिऱ्हाईक गेलं, हे साधं गणित यांना कळत नाही का? विरोध केला की आम्ही प्रगतीच्या आड येतो म्हणतात. (दुकानदार)

तुमची भीती मला अजिबात फालतू वाटत नाही. कारण या प्रयोगाचे दोन्ही निकाल जगात बघायला मिळतात, छान चाललेलेही आणि सपशेल फसलेलेही.

कोपनहेगनचा स्ट्रॉगेट रस्ता १९६२ मध्ये गाड्यांना बंद केला, आधी प्रयोग म्हणूनच. दुकानदार तुमच्यासारखेच चिडले होते आणि इथल्या थंडीत कोण बाहेर बसणार, हे इटलीत ठीक आहे, असं लोक तेव्हा बोलत होते. पुढे तो कायमचा झाला आणि आज तो जगातल्या सगळ्यात जास्त वर्दळीच्या पादचारी रस्त्यांपैकी एक आहे. आता अमेरिकेत या. कलामाझू नावाच्या शहराने त्याच्याही आधी, १९५९ मध्ये, मुख्य बाजाराचा रस्ता पादचाऱ्यांसाठी केला, त्यांचं बघून पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या कितीतरी शहरांनी तेच केलं, आणि त्यातले बहुतेक रस्ते नंतर परत गाड्यांना उघडावे लागले, खुद्द कलामाझूनेही १९९० च्या दशकात रस्त्याच्या काही भागात गाड्या परत आणल्या.

फरक कशाचा पडला? कोपनहेगनमध्ये त्या रस्त्याच्या आसपास माणसं राहत होती, चालत, सायकलवर, बसने, ट्रेनने येऊ शकत होती, आणि शहराने पार्किंग एका दणक्यात न काढता वर्षानुवर्षं थोडं थोडं कमी केलं. अमेरिकेतल्या त्या शहरांमधून लोक उपनगरांत राहायला गेले होते, मॉल पण तिकडेच उघडत होते, ऑफिस सुटलं की मध्यभाग रिकामा. तिथे फरशा बसवून आणि कुंड्या ठेवून गिऱ्हाईक कुठून येणार होतं? मेलबर्नने हे नीट ओळखलं असं मला वाटतं, त्यांनी १९९२ मध्ये 'पोस्टकोड ३०००' नावाची योजना आणली, रिकाम्या पडलेल्या ऑफिसच्या इमारतींत घरं करायला उत्तेजन दिलं, लोक मध्यभागात राहायला आले आणि त्यांच्या मागोमाग त्या गल्ल्या संध्याकाळीही जाग्या राहायला लागल्या.

तेव्हा नुसतं 'नको' म्हणण्यापेक्षा प्रशासनाला हे विचारा : दहा मिनिटांच्या चालण्यावर किती लोक राहतात, बस कुठे थांबणार, माल उतरवायला गाडीला कुठली वेळ मिळणार, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खोदकाम किती महिने चालणार आणि तेवढ्या काळात धंदा बसला तर भाड्यात किंवा टॅक्समध्ये काही सवलत आहे का. कारण खरं सांगू का, दुकानं बंद पडतात ती बरेचदा रस्ता खोदलेला असतो त्या काळात, रस्ता तयार झाल्यावर गर्दी आली तरी जुना दुकानदार ती बघायला तिथे नसतो. आधी सहा महिने तात्पुरते अडथळे लावून प्रयोग करा, मोजणी करा, मग ठरवा, ही मागणी कुणालाही आडमुठेपणाची वाटणार नाही.

प्रश्न : प्रत्येक गोष्टीत लोकांची मतं कशाला घ्यायची? लोक नेहमी आहे तेच बरं म्हणतात. तज्ज्ञांना ठरवू द्या ना. (निवृत्त इंजिनिअर)

तुमच्या बाजूने एक उदाहरण मीच देते. सॅन फ्रान्सिस्कोत समुद्रकिनाऱ्यालगत एम्बार्काडेरो फ्रीवे नावाचा दुमजली उन्नत रस्ता होता, शहर आणि पाणी यांच्यामध्ये काँक्रीटची भिंतच. तो पाडायचा का यावर १९८६ मध्ये मतदान झालं आणि लोकांनी नको म्हणून सांगितलं. मग १९८९ चा भूकंप झाला, रस्ता निकामी झाला, १९९१ मध्ये पाडायला घेतला, आणि आज त्या जागी रुंद मोकळा रस्ता आहे, ट्राम आहे, जुन्या फेरी बिल्डिंगमध्ये बाजार भरतो, आणि तो फ्रीवे परत बांधा म्हणणारं कुणी भेटणं अवघड.

म्हणजे लोक चुकले असं तुम्ही म्हणाल. पण थोडं थांबा, पहिली गोष्ट तर तो फ्रीवे बांधला होता तोही तज्ज्ञांनीच. आणि दुसरं, पाडायला सगळ्यात कडक विरोध होता चायनाटाउनच्या व्यापाऱ्यांचा, त्यांचं गिऱ्हाईक त्याच रस्त्याने यायचं. त्यांना उड्डाणपुलाचं प्रेम नव्हतं हो, त्यांना आपल्या गल्लीपर्यंत माणसं पोचायला हवी होती. त्या बदल्यात तिथपर्यंत मेट्रो आणायची मागणी लावून धरली गेली आणि ती मेट्रो प्रत्यक्षात चालू व्हायला २०२२ चा नोव्हेंबर उजाडला. तीस वर्षांहून जास्त! आता सांगा, त्या व्यापाऱ्यांचं मत चुकीचं होतं का त्यांची गरज कुणी वेळेत ऐकली नाही?

म्हणून मला वाटतं लोकांना 'हा डिझाइन आवडला का' असं विचारणं हेच मुळात चुकीचं आहे. तुम्ही इथे कशासाठी येता, कसे येता, किती वेळ थांबता, काय नसलं तर येणं बंद कराल, हे विचारा. याची उत्तरं कुठल्याही तज्ज्ञाकडे आयती नसतात, ती त्या रस्त्यावरच्या माणसाकडेच असतात. पूल किती भार पेलेल हे मात्र इंजिनिअरनेच सांगायचं, तिथे मतदान नको, इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे.

प्रश्न : आमच्या शहराला काही खास ओळखच नाही. एखादी जगप्रसिद्ध बिल्डिंग उभी केली तर नाव होईल ना, बिल्बाओसारखं?

स्पेनमधल्या बिल्बाओचं नाव गुगनहाइम म्युझियममुळे झालं हे खरं, ते १९९७ मध्ये उघडलं. पण त्याच काळात त्या शहराने नदी साफ करण्यावर वर्षानुवर्षं पैसा घातला, बंदर शहराच्या मधून खाली समुद्राकडे हलवलं, मेट्रो सुरू केली, तीही म्युझियमच्या दोन वर्षं आधी. फोटोत हे काही दिसत नाही. बाकीचं काम न करता नुसती बिल्डिंग मागवायची असेल तर माझं मत विरोधात धरा.

प्रश्न : सुशोभीकरण म्हटलं की पहिल्यांदा फेरीवाले हटवतात. सगळ्यांना स्वच्छ मोकळा चौक आवडतो, मग आमच्यासारख्यांनी कुठे जायचं? आम्ही या शहराचे नाही का? (रस्त्यावर विक्री करणारी वाचक)

आहात, आणि हे पत्र मी मुद्दाम पूर्ण छापलंय.

दक्षिण कोरियातल्या सोलचं चोंगेचॉन हे सगळीकडे कौतुकाने सांगितलं जातं, वरचा उन्नत रस्ता २००३ पासून पाडला, खाली झाकलेला ओढा उघडला, २००५ मध्ये जवळजवळ सहा किलोमीटरचा पाण्याकाठचा रस्ता लोकांना मिळाला, भर शहरात गारवा आला. मलाही ते काम आवडतं. पण त्या रस्त्यालगत विक्री करणाऱ्यांचं काय झालं हे फार कमी वेळा सांगतात. त्यातल्या बऱ्याच जणांना डोंगडेमुनच्या जुन्या स्टेडियममध्ये जागा दिली, तिथे बाजार बसतोय तोवर ते स्टेडियमच पाडायचं ठरलं, कारण तिथे डिझाइन प्लाझा व्हायचा होता, तो २०१४ मध्ये उघडला. म्हणजे एकाच माणसाला सुंदर शहरासाठी दोनदा उठावं लागलं. याचा मला मनापासून राग येतो, कारण ओढा उघडण्यासाठी हे करणं गरजेचं नव्हतं, नव्या आराखड्यात त्यांच्या जागा आधीच आखता आल्या असत्या.

तुम्ही एक करा, एकट्याने जाऊ नका, सगळ्या विक्रेत्यांची सही असलेला अर्ज द्या आणि त्यात जागा नकाशावर आखून मागा. 'नंतर सोय करू' हे तोंडी आश्वासन घेऊन परत येऊ नका.

प्रश्न : मी भाड्याने राहते, या शहरात नवीन आहे. इथल्या ओळखीबद्दल मी बोललं तर जुने लोक नाराज होतात. मला मत असावं का?

असावंच. पोलंडमधल्या वॉर्साचं ओल्ड टाउन दुसऱ्या महायुद्धात जवळपास पूर्ण उद्ध्वस्त झालं होतं, ते जुनी चित्रं आणि नकाशे बघून नव्याने उभं केलं, आणि १९८० मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. ओळख अशी नव्या हातांनीही उभी राहते. जुन्या लोकांकडून इथे आधी काय होतं ते ऐकून घ्या, त्यांना ते सांगायचंच असतं, आणि तुम्हाला रात्री बसस्टॉपपासून घरापर्यंत अंधार वाटतो हे तुम्ही सांगा, कारण वीस वर्षं गाडीने फिरणाऱ्याला ते माहीतच नसतं.

प्रश्न : जनसुनावणीत प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं देतात. तेवढ्यात काय बोलणार? आणि बोलून उपयोग काय?

उपयोग तुम्ही कधी बोलता त्यावर असतो. टेंडर निघाल्यावरच्या सुनावणीत फार काही हलत नाही, म्हणून आराखडा मसुदा असतानाच जा, तारखा कधी लागतात त्यावर कुणीतरी एकाने लक्ष ठेवा. बोलताना शहराचा इतिहास, अभिमान वगैरे सांगत बसू नका, त्यातच वेळ जातो. नकाशावर बोट ठेवून एकच जागा धरा, तिथे आज काय होतं, कुणाला लागतं, प्लॅनमध्ये त्याचं काय होणार, आणि त्याऐवजी काय हवं, बस. पाच जण गेलात तर पाच जागा वाटून घ्या, एकच मुद्दा पाच वेळा सांगितला तर एकदाच लिहिला जातो. बोललात ते लिहूनही द्या, पोच घ्या, आणि माझ्या हरकतीवर काय निर्णय झाला ते कारणासहित लेखी कळवा अशी ओळ खाली नक्की टाका.