जखऱ्याची पाटी

प्रिय बाळा,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. या वर्षात आभार मानावेत असं काही घडलंच नाही, मग नाताळाआधीच्या आगमनकाळात देवापुढे बसून खोटं कशाला बोलायचं, असं तू विचारलंस. माझं उत्तर सरळ आहे. खोटं बोलू नकोस. ऑगस्टमध्ये तुझी नोकरी गेली, त्यापाठोपाठ इतक्या वर्षांची मैत्री तुटली. हे सगळं बरंच झालं असं तुझ्या तोंडून वदवून घ्यायची मला मुळीच इच्छा नाही. बायबलमधल्या आपल्या पत्रात प्रेषित पौलानं थेस्सलनीकाच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलं, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.’ त्यातल्या ‘स्थितीत’ या शब्दाला मी कित्येक वर्षं धरून आहे. स्थिती वाईट असू शकते, हे त्यानं गृहीतच धरलंय.

आगमनकाळही हेच गृहीत धरतो. नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान कधीतरी, तो सुरू होतो आणि तिथूनच उपासनेचं नवं वर्ष लागतं. भिंतीवरचं कॅलेंडर मात्र अजून जुन्याच वर्षात असतं. या दिवसांत धर्मगुरूंची वस्त्रं जांभळी असतात. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, एरवी गायलं जाणारं गौरवगीत नाताळच्या रात्रीपर्यंत थांबवलेलं असतं. ख्रिस्ती मंडळी स्वतःच आवाज खाली घेते, तर तुझ्याकडून मोठ्यानं आनंद कोण मागणार?

म्हणून मला या दिवसांत मरीयेच्याही आधी बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या आठवतो. म्हातारपणी मूल होईल हे देवदूतानं सांगितलेलं त्याला खरं वाटलं नाही आणि त्याची वाचा गेली. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात हे सगळं आहे, पण आपण ते घाईनं वाचतो. बायको अलीशिबेच्या गरोदरपणाचे सगळे महिने त्यानं मुक्यानं काढले. घरात एवढी मोठी गोष्ट घडत होती आणि त्याला एक शब्द बोलता येत नव्हता. मला वाटतं, त्या महिन्यांत तो बघायला शिकला असेल. मूल आठ दिवसांचं झालं, नातेवाईक नावावरून वाद घालू लागले, तेव्हा त्यानं पाटी मागितली आणि लिहिलं, याचं नाव योहान आहे. लगेच त्याचं तोंड उघडलं आणि पहिले शब्द निघाले ते देवाच्या स्तुतीचे. आधी पाटी, मग वाचा. तुझं सध्या पाटीचं चाललंय. ते चुकीचं नाही.

तर लिही. पण ‘कुटुंब, आरोग्य, मित्र’ अशी यादी करू नकोस. तसली यादी कुणाच्याही नावावर खपते. संत इग्नेशियसनं दिवसाचं परीक्षण शिकवलं, त्यात पापांची उजळणी नंतर येते; पहिली पायरी असते मिळालेल्या देणग्यांबद्दल आभार. आणि देणगी म्हटली की तिला तारीख असते, देणारा हात असतो.

माझी आई गेली त्या वर्षाबद्दल सांगते. माझ्या मनात ते नुसतं इस्पितळाचं वर्ष होतं. आगमनकाळात डायरी उघडली, तर जूनमधल्या एका पानावर एकच ओळ होती: ‘आज आईनं स्वतःच्या हातानं केस विंचरले.’ सगळं डोळ्यांपुढे आलं. एक तरुण परिचारिका रोज आईचे केस विंचरून द्यायची. त्या दिवशी तिनं कंगवा आईच्या हातात दिला आणि ती नुसती उभी राहिली. आईचा हात थरथरत होता, पाच-सहा मिनिटं लागली असतील. पण तिनं कंगवा परत घेतला नाही. मागे तिची कामं खोळंबली होती, तरी ती हलली नाही. मी तिचे आभारही मानले नव्हते. दुसऱ्या दिवशी तिला पत्र लिहिलं. आईचं जाणं त्यामुळे सोपं झालं नाही, पण त्या वर्षाचं निदान एक पान मला परत मिळालं.

तू असं कर. १८३९ मध्ये हॅम्बुर्गमध्ये विखेर्न नावाच्या पाद्रींनी आपल्या आश्रमातल्या मुलांना नाताळपर्यंतचे दिवस मोजता यावेत म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारच्या चार मोठ्या, बाकीच्या दिवसांच्या छोट्या. आज घरोघरी त्यातल्या चारच उरल्यात. चार मेणबत्त्या, बारा महिने. दर रविवारी एक मेणबत्ती लावून तीन महिने आठव. फोनमधले फोटो, मेसेज, कॅलेंडर चाळ. एक तरी प्रसंग आणि एक माणूस सापडला की थांब, आणि त्या आठवड्यात त्या माणसाला कळव. काही सापडलं नाही तर कागद कोरा ठेव. कोरा कागदही देवापुढे ठेवता येतो.

मी हिशेब केला. जुलै ते सप्टेंबर तिसऱ्या रविवारी येतात. तो आनंदाचा रविवार; जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रं, कित्येक ठिकाणी मेणबत्तीही गुलाबी. त्या संध्याकाळी एकट्यानं बसू नकोस. मला फोन कर, मीही इकडे माझी मेणबत्ती लावून बसते. बोलायलाच हवं असं नाही.

तुझ्या,
बाई