शेततळ्यातला रोहू-कटला वाढत नाही. बीजच खराब असू शकतं का? जयंती रोहू (रोहूचा सुधारित वाण) घ्यावा का?

असू शकतं. आणि 'बीज ते बीज, सगळा फरक खाद्याचा' असं ज्या हॅचरीवाल्याने (माशांचं बीज तयार करून विकणाऱ्याने) तुम्हाला सांगितलं, त्याला हे उत्तर जरूर वाचून दाखवा.

तुमचं म्हणणं असं: ३० बाय ३० मीटरचं अस्तर टाकलेलं शेततळं, त्यात ३,००० बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं), कटला-रोहू-मृगळ सारख्या प्रमाणात, वर्ष झालं तरी रोहू ३०० ग्रॅमच्या पुढे सरकत नाही, आणि कटल्याचं तोंड 'कटल्यासारखं वाटत नाही'. शेवटचं वाक्य नसतं तर मी लिहायला बसलो नसतो.

आधी सोपं ते उरकतो. ९०० चौरस मीटर म्हणजे जेमतेम नऊ गुंठे पाणी, तेही तळं काठोकाठ भरलेलं असताना. बाजू उतरत्या असल्याने उन्हाळ्यात त्याहून कमी. हेक्टरी १०,००० बोटुकली धरली तरी तुमच्या तळ्याला ९०० पुरेत. तुम्ही तिपटीहून जास्त सोडलीत. शिवाय प्लास्टिकच्या तळाला गाळ नसतो आणि मृगळ तर तळाशी गाळात चरतो. अस्तराच्या तळ्यात त्याचा वाटा एकदम कमी करा. हे तुमचं तुम्ही दुरुस्त करायचं आहे, बीजाच्या माथी मारू नका.

आता तोंडाचं. खऱ्या कटल्याला मिशा नसतात, डोकं रुंद असतं, खालचा जबडा पुढे आलेला आणि तोंड वर वळलेलं. रोहूचं तोंड खाली झुकलेलं, ओठांना झालर. तुमच्या माशाचं डोकं कटल्याहून लहान, तोंड जवळपास समोर आणि ओठाला पुसट झालर असेल, तर तो कटला-रोहूचा संकर आहे. दोन-तीन इंची बोटुकलीत हे ओळखू येत नाही, दहा सेंटिमीटरच्या पुढे दिसायला लागतं. संकर होतो कसा? ऑर्डर तिन्ही जातींची असते, पूल (पैदाशीची टाकी) एकच असतो. कटला, रोहू, मृगळ सगळ्यांना एकाच संध्याकाळी इंजेक्शन देऊन एकाच गोल टाकीत सोडतात. आठ-बारा तासांनी माद्या अंडी सोडतात, नर रेत सोडतात, पाणी फिरत असतं; कोणाच्या अंड्यावर कोणाचं रेत पडलं हे कोण बघतो? आणि हे संकर वांझ नसतात. ते पुढच्या वर्षी 'कटला' म्हणून ब्रूडरच्या (पैदाशीसाठी राखलेल्या माशांच्या) तळ्यात जातात, पुन्हा शुद्ध कटल्याशी नाहीतर रोहूशी जुळतात, आणि दोन-तीन पिढ्यांनी त्या केंद्रात शुद्ध असं काही उरत नाही.

या गोष्टीवरून एका खासगी बीज केंद्राच्या व्यवस्थापकाशी माझा वाद अनेक हंगाम चालला. त्याचे मुद्दे सगळीकडे ऐकू येतात तेच होते. एक, 'एका मादीची दोन लाख अंडी. एवढी प्रजा असताना जवळचं नातं कसलं?' दोन, 'एका नराचं रेत चार माद्यांना पुरतं, जास्त नर कशाला टोचायचे?' तीन, 'आम्ही ब्रूडर धरणातून आणतो, म्हणजे जंगली रक्त येतंच.' तिन्ही चूक आहेत, आणि का ते आकड्यांनी दाखवता येतं.

अंड्यांची संख्या इथे बिनकामाची. पुढच्या पिढीचे आईबाप किती, एवढंच मोजायचं. सूत्र साधं आहे: नर गुणिले मादी गुणिले चार, भागिले नर अधिक मादी. ही परिणामकारक संख्या. एक भागिले तिची दुप्पट, म्हणजे दर पिढीला वाढणारं अंतःप्रजनन (जवळच्या नात्यातली पैदास). दहा माद्यांना तीन नर लावले तर संख्या येते सुमारे ९, आणि अंतःप्रजनन पिढीला साडेपाच टक्के. त्याच दहा माद्यांना दहा नर लावले तर संख्या २० आणि अंतःप्रजनन अडीच टक्के. नराला ओव्हाप्रिम (अंडी-रेत सुटावं म्हणून टोचायचं औषध) लागतं किलोमागे ०.१ ते ०.२ मिली, मादीला ०.३ ते ०.५. म्हणजे सात नर वाचवून व्यवस्थापक औषधाचे काही मिली वाचवतो आणि कळपाचं नुकसान दुपटीहून जास्त करतो.

पण खरी गोम नरांच्या संख्येत नाही. ती आहे पुढचे ब्रूडर कुठून ठेवले जातात यात. जुलैमध्ये मागणी जोरात असते, जिरं (अगदी बारीक पिल्लं) आणि बोटुकली हातोहात जाते. चांगलं, भराभर वाढलेलं बीज आधी विकलं जातं. ऑगस्टअखेर मागणी आटते आणि शेवटच्या एक-दोन पुलांतला माल पडून राहतो. तोच तळ्यात सोडून द्यायचा, दोन-तीन वर्षांनी तोच ब्रूडर. हंगामभरात शंभर जोड्या टोचल्या असतील. पुढच्या पिढीचे आईबाप मात्र त्या शेवटच्या पुलातल्या तीन जोड्या. संख्या ६, अंतःप्रजनन पिढीला ८.३ टक्के. असं चार पिढ्या चालवा, आकडा २९ टक्क्यांवर जातो. सख्ख्या भावा-बहिणीच्या पिल्लाचा असतो २५. व्यवस्थापक छातीठोकपणे सांगायचा, 'बारा वर्षं आमचा स्वतःचा कळप आहे.' बारा वर्षं म्हणजे चार पिढ्या आरामात.

ही माझी कल्पना नाही. एकनाथ आणि डॉयल या संशोधकांनी कर्नाटकातल्या कार्प हॅचऱ्यांचा हिशेब १९९० मध्येच मांडला होता आणि अंतःप्रजननाचा वेग २ ते १७ टक्के काढला होता.

त्यात दुसरं दुखणं उलट्या निवडीचं. मोठे विकायचे, बारके ठेवायचे. समजा ठेवलेले ब्रूडर कळपाच्या सरासरीपेक्षा २०० ग्रॅमने कमी आहेत आणि वाढीची आनुवंशिकता पाव आहे, म्हणजे फरकाचा पाव भाग पिल्लांत उतरतो. तर पुढची पिढी सरासरी ५० ग्रॅमने खाली येते, तुम्ही कितीही पेंड घाला. इस्राएलमध्ये मोआव आणि वोल्फार्थ या संशोधकांनी सायप्रिनसवर (कॉमन कार्प माशावर) दोन्ही दिशांनी निवड करून पाहिली होती. जास्त वाढीसाठी पाच पिढ्या निवड केली, हाती काही लागलं नाही. कमी वाढीसाठी केली, तर मासा भराभर घसरला. आपल्या हॅचऱ्या हा दुसरा प्रयोग फुकटात करत आल्या आहेत.

धरणाचा मुद्दा ऐकायला भारी वाटतो. पण कटला, रोहू, मृगळ हे मुळात गंगा, सिंधू, ब्रह्मपुत्रेकडचे मासे. महाराष्ट्रातल्या जलाशयांत ते आहेत ते बोटुकली सोडली म्हणून. धरणातला पाच किलोचा कटला म्हणजे बहुतेक वेळा कुठल्यातरी हॅचरीतलंच जुनं बीज, कदाचित त्याच केंद्राचं. त्याला जंगली रक्त म्हणायचं असेल तर म्हणा.

आता जयंती. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगाला गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनाची केंद्रीय संस्था आहे, सीफा. तिने नॉर्वेच्या अॅक्वाफोर्स्क संस्थेबरोबर १९९२ मध्ये रोहूची निवड पैदास सुरू केली आणि १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, वाण बाहेर काढला. नॉर्वेवाल्यांनी सामनवर हेच सत्तरच्या दशकात केलं होतं, सुमारे ४० नद्यांमधला मासा गोळा करून. इथे गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा या नद्यांतला आणि संस्थेच्या फार्मवरचा रोहू मूळ साठा म्हणून घेतला. प्रत्येक कुटुंबाची पिल्लं वेगळ्या तळ्यात वाढवली, टॅग बसवण्याजोगी झाली की अंगात पिट टॅग (ओळख क्रमांकाची बारीक चिप) घालून सगळी एकाच तळ्यात सोडली, आणि वजनावरून कुठलं कुटुंब सरस ते ठरवलं. वाढीतली सुधारणा पिढीला सरासरी १७-१८ टक्के मिळाली. पुढे एरोमोनास या जिवाणूच्या रोगाला तग धरण्यासाठीही निवड झाली. कटल्यातही त्याच संस्थेचा 'अमृत' वाण आला आहे.

इथे शेतकऱ्यांचा एक गैरसमज असतो की जयंती म्हणजे संकरित मक्यासारखं, एकदा घ्यायचं, पुढच्या पिढीत फुटतं. तसं नाही. यात संकरजोम नाही, निवडीने साठवलेले गुण आहेत. ते पुढच्या पिढीत उतरतात. पण तीन जोड्यांवर कळप चालवला तर जयंतीचीही गत तीच होणार. दिसायला जयंती आणि साधा रोहू सारखेच. त्यामुळे विकणाऱ्याला विचारा: ब्रूडर कोणत्या वर्षी आले, सीफाकडून की राष्ट्रीय ब्रूड बँकेकडून की तिथून घेतलेल्या केंद्राकडून, आणि आले तेव्हा नर किती, माद्या किती. कागद नसेल तर ती जयंती नाही असंच धरा.

स्वतः तपासायचं असेल तर दोन तळ्यांत दोन बीजं सोडून तुलना करू नका. त्यातून फक्त तळ्यांतला फरक कळतो. दोन्हीकडून १००-१०० बोटुकली घ्या, वजनं शक्य तितकी सारखी निवडून, कारण सुरुवातीला दोन ग्रॅमने मोठा असलेला मासा खाद्यावर दादागिरी करतो आणि तो फरक फुगत जातो. एका गटाचा पोटाखालचा डावा पर मुळापासून कापा, दुसऱ्याचा उजवा. दोन्हींचा कापायचाच, म्हणजे जखमेचा त्रास सारखा होतो. अर्धवट कापलात तर पर पुन्हा उगवतो आणि सगळं मुसळ केरात. हलक्या पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात बुडवून त्याच दिवशी एकाच तळ्यात सोडा. सहा महिन्यांनी जाळं ओढा, गटवार वजन करा, मेलेलेही हिशेबात धरा. सरासरीबरोबर विखुरणंही बघा: एका गटात ८० ग्रॅमचे आणि ४०० ग्रॅमचे मासे शेजारी-शेजारी निघाले तर त्या बीजाबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

आणि हॅचरीवाला ऐकणार असेल तर त्याच्यासाठी. जातीनिहाय पूल वेगळे, दिवस वेगळे. नर-मादी संख्येने सारखे. मुख्य म्हणजे ब्रूडरसाठीचं बीज हंगामाच्या प्रत्येक खेपेतून थोडं थोडं बाजूला काढायचं, पहिल्या खेपेपासून, प्रत्येकीतून ५०-१०० बोटुकली. खेपा लगेच मिसळायच्या नाहीत. जूनअखेरचं पिल्लू ऑगस्टच्या पिल्लाहून मोठं असणारच. सगळी एकत्र करून 'सगळ्यात मोठे' निवडलेत तर वाण निवडला जात नाही, जन्मतारीख निवडली जाते, आणि पुन्हा एकाच खेपेचे मासे उरतात. प्रत्येक खेप तिच्या तिच्यात निवडायची, मग एकत्र करायची. दर एक-दोन पिढ्यांनी ज्याचा कळप वेगळ्या मुळाचा आहे अशा केंद्राकडून नर आणायचे. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने गोठवलेलं रेत वापरण्याचं तंत्रही बसवलं आहे. नराची वाहतूक नको असेल तर तोही रस्ता आहे. यातलं काहीही महाग नाही. वही लागते आणि दोन-चार हापे (पाण्यात बांधायच्या जाळीच्या पेट्या) लागतात.

काही गोष्टी मात्र सांगायला हव्यात. कटला-रोहूचा पहिला संकर वाढीला वाईट नसतो, रोहूपेक्षा बरा निघतो. तुमचे मासे खुरटले ते संकर असल्यामुळेच असं छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. बिघाड होतो तो त्याच्या पुढच्या पिढ्यांत आणि शुद्ध साठा संपल्यामुळे. वाकडा कणा, आखूड गलफडाचं झाकण ही अंतःप्रजननाची खूण असू शकते, पण खाद्यात क जीवनसत्त्व नसलं किंवा अंडी उबताना पाण्यात प्राणवायू कमी पडला तरी तसंच होतं. धरणातले ब्रूडर अगदीच टाकाऊ नाहीत. अनेक खेपांतून, अनेक केंद्रांतून आलेले असले तर बारा वर्षांच्या बंद कळपापेक्षा नक्की बरे. आणि बोटुकली लहान दिसते म्हणून बीज खराब ठरवू नका. आंध्रात मासा दाटीत मुद्दाम वर्षभर खुरटवून ठेवतात आणि मग मोठ्या तळ्यात सोडतात. तो सपाटून वाढतो. खुरटलेला वेगळा, घसरलेल्या वाणाचा वेगळा. पहिल्याला जागा आणि खाद्य दिलं की भरून काढतो.

तुमच्यापुरतं: यंदा ९०० च सोडा, कटला आणि रोहू मिळून ८०० च्या आसपास, मृगळ अगदी थोडा. जयंती मिळाली तर उत्तम. पण कागद न दाखवता दुप्पट भाव सांगितला, तर साधा रोहू घ्या आणि वाचलेल्या पैशांत भाताचा कोंडा नि शेंगदाणा पेंड आणा.