पंखा अर्धा फेरा फिरला होता

"मॅडम, एवढ्याशा गोष्टीनं पोरगं खोलीत जाऊन बसलंय. जेवायलाबी हाका माराव्या लागतात." हे वाक्य सोलापुरातल्या आईवडिलांकडून मी समुपदेशक म्हणून वर्षानुवर्षं ऐकते आहे. कधी बारावीचा निकाल असतो, कधी हुकलेली मुलाखत, कधी बुडालेला छोटा धंदा. चिंता एकच असते: एका अपयशानं मूल असं मिटून का जातं, आणि आपण करायचं तरी काय? म्हणून हा एक अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि सहा बैठकांमधलं मोजकंच बोलणं घेतलं आहे.

मुलगा वीस वर्षांचा, कॉम्प्युटर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. वडील अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करणारे. घरी तेलुगू, माझ्यासमोर मराठी. वडिलांनी भिशी लवकर उचलली, मुलानं स्वतःची कमाई त्यात घातली आणि सुटे भाग मागवून डेस्कटॉप आपल्या हातानं जोडला. तो सुरूच झाला नाही. दोन रात्री खटपट करून त्यानं कॅबिनेटवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीवर, चादर टाकली. त्याला नऊ दिवस झाले होते.

"मला जमत नाही मॅडम," तो खाली बघत म्हणाला. "कॉम्प्युटरचं शिकतोय आणि साधा पीसी चालू करता येईना. पप्पांचे पैसे घालवले. मी कशाच्याच कामाचा नाही."

अशा वेळी घरातले घाईनं म्हणतात, "असं नाही रे, तू हुशार आहेस." मी ते म्हणत नाही. हुशारीचा शिक्का आणि नालायकीचा शिक्का, दोन्ही अख्ख्या माणसावरच बसतात. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांच्या वाटेनं जाणारी आहे. कृती तपासावी, चुकली तर चुकली म्हणावं. माणसाला मात्र गुण द्यायचे नाहीत, असं ती वाट सांगते. पण हे सगळं त्याला सांगून उपयोग नव्हता. मी फक्त विचारलं, "बटण दाबल्यावर काय होतं?"

"काहीच होत नाही."

"मला त्यातलं कळत नाही. डोळ्यांना दिसलं तेवढं सांग. पहिल्यापासून."

त्यानं डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग म्हणाला, "पंखा... जरासा हलला होता. अर्धा फेरा. मग थांबला."

"मग 'काहीच नाही' का म्हणालास?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मला ते मिळालं होतं. नऊ दिवस हा मुलगा त्या अर्ध्या फेऱ्यासकट सगळं नाकारत होता. निराश मन असंच करतं. ते खोटं बोलत नाही, पण दिसलेल्यातलं निम्मं गाळून टाकतं. उरलेल्या निम्म्यावर माणूस स्वतःचा निकाल लावून मोकळा होतो.

"त्या अर्ध्या फेऱ्यावरून तुला काय कळतं?" मी विचारलं, आणि तो खुर्चीत सरळ बसला.

"म्हणजे मागचा स्विच चालू आहे. बटणाच्या दोन वायरी बरोबर पिनांवर बसल्यात, नाहीतर तेवढंही हललं नसतं. सप्लाय सुरू होतोय, पण आत बहुतेक कुठंतरी शॉर्ट आहे. शॉर्ट दिसला की एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, स्वतःला बंद करून घेतो. नाहीतर बोर्ड जळेल."

वडील तोवर गप्प होते. ते म्हणाले, "मागाचंबी तसंच असतंय की. आडवा धागा तुटला की माग आपणहून थांबतोय. मग मी मागाला शिव्या देत नाही, धागा कुठं तुटला ते बघतोय."

इतक्या वर्षांच्या कामात माझ्याकडून न झालेलं काम त्या एका वाक्यानं केलं, हे मी आनंदानं लिहिते. मुलगा खोलीत बंद झाला होता, हेसुद्धा थांबणंच होतं. आणखी काही जळू नये म्हणून त्याच्या मनानं स्वतःला थांबवलं होतं. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी आधी हेच विचारते: तुमचं मूल स्वतःला कशापासून वाचवतंय?

घरी करायला मी त्याला एक वही दिली. पानाचे दोन भाग: एकीकडे 'पाहिलं', दुसरीकडे 'मानलं'. 'शॉर्ट आहे' हे अजून 'मानलं'मध्येच होतं, म्हणून ते पडताळायचं. एका वेळी एकच बदल. दर वेळी प्लग काढून मगच आत हात घालायचा. पुढचं त्याचं त्यानं ठरवलं. मदरबोर्ड कॅबिनेटमधून काढून तिच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवली. प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एकच पट्टी ठेवली. चोवीस पिनांची आणि प्रोसेसरची आठ पिनांची अशा दोन्ही वायरी पुन्हा दाबून बसवल्या आणि बटणाऐवजी पॉवरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं.

पंखा फिरला आणि फिरतच राहिला.

पुढच्या बैठकीला त्यानं माझ्या टेबलावर एक पितळी तुकडा ठेवला, हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा. बोर्ड ज्यावर टेकते तो स्टँडऑफ. कॅबिनेट मोठ्या बोर्डाच्या मापाचं, याची बोर्ड लहान. कॅबिनेटमध्ये आधीपासूनच बसवून आलेला एक जास्तीचा स्टँडऑफ, जिथं बोर्डाला भोकच नव्हतं तिथं, खालून सोल्डरला टेकत होता. 'चूक केली' हे खरं होतं. 'कशाच्याच कामाचा नाही' याला वहीत पुरावा सापडला नाही. हे दोन्ही त्यानं स्वतः लिहिलं होतं.

पालकांना माझं सांगणं असं. 'का केलंस?' विचारू नका, 'काय दिसलं?' विचारा. उपाय सुचवायची घाई करू नका; त्या वडिलांनी मुलाला कॉम्प्युटरमधलं अक्षरही शिकवलं नाही, स्वतःच्या कामातली एक गोष्ट सांगितली. पैशांचं बोलणं टाळू नका, पण ते वेगळ्या दिवशी करा. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची: झोप, भूक, बोलणं दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. 'जगून काय करू' असं एकदा जरी ऐकलं तर दोन आठवडेही थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येतं.

मुलाची शेवटची बैठक अजून व्हायची आहे. कॉम्प्युटर चालतोय, त्यामुळे आता वही नोकरीच्या अर्जांसाठी उघडली आहे. पहिल्या पानावर त्यानं आधी लिहिलं होतं, 'दोन कंपन्यांनी नाकारलं.' त्यावर रेघ मारून खाली लिहिलंय, 'दोन कंपन्यांचं उत्तर आलेलं नाही.'