जर्मनीला जाऊ का, असं विचारणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरबाईंना

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही पॅथॉलॉजीत एमडी, पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात आठ वर्षं रक्ताच्या कर्करोगांचे रिपोर्ट करताय. हायडलबर्गच्या एका प्रयोगशाळेनं ल्युकेमियावर संशोधन करायला तीन वर्षांसाठी बोलावलंय. यजमान हिंजवडीत नोकरीला, मुलगी पाच वर्षांची, सासूबाई सदाशिव पेठेत एकट्या. जाऊ का, आणि जायचं तर आधी काय विचारून घेऊ, असं तुमचं म्हणणं.

मी कोथरूडची. पीएचडी पुण्यात केली आणि दोन वर्षांसाठी म्हणून २०१३ साली इथे जर्मनीत संशोधनाला आले. ती दोन वर्षं अजून संपायची आहेत. डॉक्टर मीही आहे, पण नाडी बघणारी नव्हे. आजी शेवटपर्यंत मला गुडघेदुखीवरचं औषध विचारायची आणि मला येत नाही म्हटलं की म्हणायची, मग एवढी वर्षं शिकलीस काय?

हा दोन तऱ्हेच्या डॉक्टरांचा घोळ तुम्हाला इथे उलट्या बाजूनं भोवणार आहे, म्हणून तोच आधी सांगते. आपल्याकडे एमडी म्हणजे मोठी पदवी. इथल्या प्रशासनाच्या लेखी ते विशेषज्ञाचं प्रशिक्षण, डॉक्टरेट नव्हे. इथला वैद्यकाचा विद्यार्थीसुद्धा डॉक्टर ही उपाधी वेगळा प्रबंध लिहून मिळवतो. त्यामुळे बोलावणाऱ्या प्राध्यापकानं पत्रात ‘पोस्टडॉक’, म्हणजे डॉक्टरेटनंतरची संशोधक, लिहिलं तरी करारपत्र करणारा विभाग तुम्हाला पीएचडीच्या विद्यार्थिनीच्या रांगेत बसवू शकतो. माझ्या ओळखीच्या एका एमडी डॉक्टरांचं तेच झालं. संशोधकांची वेतनश्रेणी ई-१३. पूर्ण मिळाली तर सुरुवातीला महिना साधारण साडेचार ते पाच हजार युरो, आणि कर-विमा वगैरे कापून हातात त्यातले ६० ते ७० टक्के. पीएचडीवाल्यांना बऱ्याचदा तिच्यातली ६५ टक्केच नोकरी देतात. काम अर्थातच शंभर टक्के. त्या ओळखीच्या डॉक्टरांना हे इथे उतरल्यावर कळलं, तेव्हा घरभाड्याचा करार होऊन गेला होता. तेव्हा ई-मेलमधल्या गोड शब्दांवर जाऊ नका, टक्केवारीचा आकडा लेखी मागा.

त्याच कागदावर नोकरी कोणत्या कायद्याखाली आहे तेही लिहिलेलं असतं. इथे संशोधकाला मुदतीच्या नोकरीवर किती वर्षं ठेवायचं याला मर्यादा आहे: डॉक्टरेटच्या आधी सहा वर्षं, नंतर सहा, वैद्यकात नंतरची नऊ. मूल असेल तर थोडी वाढवून मिळतात. हे घड्याळ पहिल्या दिवसापासून चालू होतं आणि ते तुम्हाला कुणी दाखवत नाही. मलाही चौथ्या वर्षी कळलं.

दुसरी गोष्ट, जिथे पुष्कळांचं घोडं पेंड खातं. संशोधन करायला इथला वैद्यकीय परवाना लागत नाही. पण त्याच्याशिवाय एकाही रुग्णाच्या रिपोर्टवर सही करता येत नाही. परवान्याला अप्रोबात्सिओन म्हणतात. त्यासाठी जर्मन बी-२ पातळीपर्यंत, वर वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा, आणि भारतीय पदवी असल्यामुळे बहुतेक वेळा वैद्यकीय ज्ञानाची परीक्षाही. ‘आधी संशोधनाला जाते, मग बघू’ म्हणणारे प्रयोगशाळेत दिवसभर इंग्रजी बोलतात आणि तीन वर्षांनी जर्मनमध्ये दूध मागण्यापलीकडे गेलेले नसतात. निघायला आठ-दहा महिने असतील तर आजच मॅक्समुल्लर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये नाव घाला. यजमानांचंही घाला. त्यांना व्हिसासाठी भाषेची अट नाही आणि इथे काम करायची परवानगीही मिळते, पण मुलीच्या बालवाडीतल्या बाई इंग्रजी बोलतीलच असं नाही.

आता कामाबद्दल, कारण त्याविषयी तुम्ही एकच ओळ लिहिलीत आणि माझ्या मते सगळं तिथेच ठरतं.

मी काम करते ते रक्ताच्या मूळपेशींवर. आपल्या शरीरात रोज सुमारे २०,००० कोटी लाल पेशी नव्यानं तयार होतात, आणि त्या सगळ्यांचा वंश बोन मॅरोतल्या मोजक्या मूळपेशींशी जाऊन भिडतो. वय वाढतं तसं यांतल्या एखादीच्या जनुकात चूक होते, ती इतरांपेक्षा जरा जोमानं वाढते आणि हळूहळू रक्ताचा मोठा हिस्सा तिच्याच वंशाचा होऊन बसतो. सत्तरी ओलांडलेल्या दहातल्या एकाहून अधिक लोकांत हे सापडतं. त्यांचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा साधा रिपोर्ट, अगदी स्वच्छ असतो. त्यांतल्या फार थोड्यांना, वर्षाला शंभरात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी जणांना, रक्ताचा कर्करोग होतो. कुणाला होणार आणि कुणाला नाही, एवढ्यासाठी आमचा अख्खा मजला राबतो. हा प्रश्न जर्मनीत उपजणं साहजिक आहे, कारण हा म्हाताऱ्यांचा देश आहे.

आणि म्हणूनच तुम्हाला विचारते, तुमचा प्रश्न कुठला? तुमच्या टेबलावर येणारा सीएमएल या ल्युकेमियाचा रुग्ण बहुधा पस्तिशी-चाळिशीतला, घरातला कमावता माणूस असतो. इथला बहुधा साठीच्या आसपासचा. तुम्ही पिंपरीच्या सिंधी कुटुंबांतला थॅलेसेमिया पाहिला असणार, गडचिरोली-नंदुरबारकडून आलेला सिकल सेल पाहिला असणार; दोन्ही लाल पेशींचे आनुवंशिक आजार. इथे सिकल सेल हा बाहेरून आलेल्यांचा आजार मानला जायचा. नवजात बाळांच्या तपासणीत तो आला २०२१ च्या ऑक्टोबरात. तुम्हाला खुणावणाऱ्या आजाराचे नमुने इथल्या फ्रीझरमध्ये नसतील, तर तीन वर्षं तुम्ही दुसऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधाल. त्यातही वाईट काही नाही, फक्त ते माहीत असून या.

मला विचाराल तर या क्षेत्रात परदेशी जायचं ते एक हत्यार चालवायला शिकण्यासाठी. कर्करोग संशोधक कमल रणदिवे आपल्या पुण्याच्याच, जन्म १९१७ चा, हुजूरपागेच्या आणि फर्ग्युसनच्या. पीएचडी मुंबईत वसंत खानोलकरांकडे १९४९ साली, आणि मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. पेशी शरीराबाहेर वाढवण्यात तेव्हा गाय यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. हेला नावाच्या जगप्रसिद्ध पेशी १९५१ मध्ये तिथेच वाढल्या. बाई ते तंत्र शिकल्या, मुंबईला परतल्या, ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, आणि स्तनांच्या कर्करोगापासून ल्युकेमियापर्यंत आपल्याला हवं ते काम केलं. तुमचं हत्यार कुठलं? एकेका पेशीचं सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकवाचन? जनुकांची काटछाट? फ्लो सायटोमेट्री, म्हणजे लेझरनं पेशी ओळखणं-मोजणं, असेल तर कृपा करून येऊ नका. ती तुम्हाला आमच्या निम्म्या मजल्यापेक्षा चांगली येत असेल.

प्रयोगशाळेला लिहाल तेव्हा संशोधनपत्रांची स्तुती दोन ओळींत आटपा आणि हे विचारा. नमुने कुठून येतात आणि ज्या आजारावर मी काम करणार त्याच्या किती नळ्या द्रव नायट्रोजनमध्ये आज आहेत? उंदरांवर प्रयोग असेल तर त्याची सरकारी परवानगी आधीच हातात आहे का, आणि माझा प्रयोग तिच्यात बसतो का? नवीन परवानगीला इथे महिनोन्‌महिने लागतात, शिवाय प्राणी हाताळण्याचा अभ्यासक्रम तुम्हाला वेगळा करावा लागेल. तीन वर्षांतलं पहिलं त्यातच गेलेले लोक माझ्यासमोर आहेत. मागच्या चार-पाच जणांचं पुढे काय झालं तेही विचारा, आणि त्यांतल्या दोघांशी फोनवर बोला. लिहून कुणी खरं सांगत नाही.

एक ताकीद. ‘येताना आमच्याकडचे थोडे नमुने घेऊन येते’ हे मनातही आणू नका. परदेशी संस्थेबरोबरच्या आरोग्य-संशोधनाला आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. ती रीतसर घेतलीत तर मात्र तुमच्यासारखी दुसरी कुणी नाही, कारण दोन्हीकडच्या नळ्या तुमच्या हातात असतील. हायडलबर्ग आणि पुणे या गावांची गाठ एकदा अशीच पडली आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू आहे हे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवलं, त्यासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. ते काम फ्रायबुर्गमधलं, पण १९८३ पासून वीस वर्षं ते हायडलबर्गच्या कर्करोग संशोधन केंद्राचे प्रमुख होते. आणि त्या विषाणूवरची पहिली भारतीय लस बनवली हडपसरच्या सीरमनं.

रोजच्या कामातला एक फरक तुम्हाला टोचेल. आज तुमच्या दाराशी रिपोर्टसाठी कुणाचा तरी मुलगा हातात पिशवी घेऊन उभा असतो. इथे नळीवर बारकोड असतो, नाव नाही, गाव नाही. नळी शेजारच्या क्लिनिकमधून दुपारी साडेचारला येते, त्या वेळी जर्मन सहकारी सायकलचं हेल्मेट घालत असतात. पेशी काही उद्यापर्यंत थांबत नाहीत, म्हणून त्या रात्री वेगळ्या करून गोठवायच्या. ते करणारे बहुतेक आम्ही बाहेरचेच. पहिल्या हिवाळ्यात मला एकदा वाटलं होतं की हा बारकोड कुठल्या तरी बाईंचा आहे आणि त्यांना मुलगी आहे. त्याला काही आधार नव्हता.

घरच्या गोष्टी भराभर सांगते. सरकारी आरोग्य विम्यात बिनकमाईचा जोडीदार आणि मूल फुकट येतात. मुलामागे महिन्याला अडीचशे युरोंच्या वर भत्ता मिळतो. बालवाडीची जागा मिळणं घर मिळण्याइतकंच कठीण, आणि घर मिळणं फार कठीण. करार हातात पडताच संस्थेच्या अतिथिगृहासाठी अर्ज करा. मुलगी सहाव्या वर्षी सरकारी शाळेत जाईल आणि सहा महिन्यांत तुमचं जर्मन सुधारायला लागेल. सासूबाईंचं मात्र अवघड आहे. २०२४ च्या मार्चपासून कुशल कामगारांच्या आईवडिलांना आणि सासूसासऱ्यांना आणायची वाट कागदावर मोकळी झाली आहे, पण त्या वयाला इथला आरोग्य विमा मिळवणं हाच मोठा घाट. त्यांना आधी उन्हाळ्यात तीन महिने आणून बघा. माझ्या आईनं नऊ आठवडे काढले आणि दहाव्याला, गच्चीवर वाळवण घालता येत नाही अशा गावात मी राहणार नाही, म्हणाली.

तीन वर्षांनी परतायचं असेल तर दुसऱ्याच वर्षी अर्जाला लागा. भारतात संशोधनाला पैसे देणाऱ्या इंडिया अलायन्सच्या फेलोशिप डॉक्टरांसाठी वेगळ्या असतात, त्यांच्या मुदती आत्ताच बघून ठेवा.

करारपत्राचा मसुदा आला की टक्केवारी आणि कायद्याची ओळ मला कळवा, सहीच्या आधी. रविवारी तुमच्या दुपारी मी मोकळी असते.